डावीकडची शून्ये का गळतात: पार्श्वभूमी

खाते क्रमांक, पुस्तकांचा आयएसबीएन, बारकोड यांत अंक असले तरी त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तरीही ते सर्रास पूर्णांकाच्या रकान्यात साठवले जातात आणि ००४२७१ चे ४२७१ होते. संगणकाच्या हिशेबाने यात काही बिघडलेले नसते. बायनरी पूर्णांकात मूल्य तेवढे उरते, ते किती अंकांत लिहिले होते याची नोंद राहत नाही.

पंच कार्डांच्या (भोके पाडून माहिती नोंदवायच्या पुठ्ठ्यांच्या) काळात ही अडचण नव्हती. आयबीएमच्या १९२८ च्या कार्डावर ८० स्तंभ होते आणि प्रत्येक माहितीला त्यातले ठरावीक स्तंभ नेमून दिलेले असत. सहा स्तंभांत चार अंकी क्रमांक बसवायचा तर डावीकडे दोन शून्ये पाडायची. १९५९-६० मध्ये आकाराला आलेल्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेने तीच शिस्त आणली. तिच्या पिक्चर कलमात, म्हणजे माहितीचा साचा सांगणाऱ्या ओळीत, ९ म्हणजे अंक, एक्स म्हणजे कोणतेही अक्षर आणि झेड म्हणजे छापताना डावीकडच्या शून्याऐवजी कोरी जागा. रुंदी हा व्याख्येचाच भाग. जुनाट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या भाषेने हा प्रश्न नंतरच्या बहुतेकांपेक्षा नीट हाताळला होता.

खरा गोंधळ घातला तो सी या भाषेने आणि तिच्या वंशावळीने. बी भाषेतून सीमध्ये आलेल्या रिवाजानुसार ० ने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची (फक्त ० ते ७ हे अंक वापरून आठाच्या पटीत मोजणारी), म्हणून ०१० म्हणजे ८. एका वेळी १८ बिटांचा गट ('शब्द') हाताळणाऱ्या पीडीपी-७ सारख्या जुन्या संगणकांवर हे सोयीचे होते, कारण तीन-तीन बिटांचे बरोबर सहा अष्टमान अंक होतात. यंत्रे गेली, रिवाज राहिला. जावामध्ये कोडात लिहिलेले ०१० हे ८ असते, पण तीच अक्षरे मजकुराची संख्या करणाऱ्या पार्सइंटला दिली तर १० मिळतात आणि तशाच कामाच्या डीकोडला दिली तर पुन्हा ८! जुन्या जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंट '०८' आणि '०९' यांचे शून्य करून टाकत असे. तारखेच्या फॉर्ममध्ये ऑगस्ट आणि सप्टेंबर तेवढे बिघडत. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या ईएस५ मानकाने ते थांबवले. पायथन ३ ने २००८ मध्ये ०१० लिहिणेच अमान्य केले. लिनक्सवरची आदेशांची भाषा बॅश मात्र आजही ०८ वर अडते. संख्या दशमान आहे हे सांगायला आधी '१०#' जोडावे लागते.

लांबीचा त्रास वेगळा. ३२ बिटांचा चिन्हांकित (धन किंवा ऋण असू शकणारा) पूर्णांक २१४७४८३६४७ ला संपतो. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ६४ बिटांची तरंगबिंदू (अपूर्णांकही साठवणारी) संख्या असते आणि तिच्यात ५३ बिटांची अचूकता असते, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९३ चा शेवटचा अंक ३ ऐवजी २ होतो. याच कारणाने ट्विटरने २०१० मध्ये ट्विटचे क्रमांक मजकूर रूपातही पाठवायला सुरुवात केली. एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्ये भरते, म्हणून सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक जातो. नंतर सेल 'टेक्स्ट' केला तरी तो परत येत नाही. प्रकार आयात करतानाच ठरवावा लागतो. कितीही लांब पूर्णांक ठेवणाऱ्या बिगइंट प्रकाराने लांबीचा प्रश्न सुटतो, शून्यांचा नाही.

म्हणून असा क्रमांक फॉर्मपासून डेटाबेसपर्यंत मजकूर म्हणूनच न्यावा. पायथनच्या पांडाज लायब्ररीत सीएसव्ही फाइल वाचताना त्या रकान्याचा डीटाइप (प्रकार) एसटीआर, म्हणजे मजकूर, द्यावा, माहितीच्या देवाणघेवाणीच्या जेसन स्वरूपात अवतरणचिन्हांत ठेवावा. डेटाबेसमध्ये 'फक्त अंक, नेमकी इतकी लांबी' अशी अट घालावी. गळालेली शून्ये डावीकडून भरून देता येतात, पण लांबी सर्वत्र एकच असेल तरच.

तपासणी अंकावर, म्हणजे चूक पकडण्यासाठी बाकीच्या अंकांवरून काढून शेवटी जोडलेल्या अंकावर, इथे विसंबू नये. दहा अंकी आयएसबीएन किंवा कार्ड क्रमांकांच्या लुन पद्धतीत अंकांची वजने (गुणक) उजवीकडून मोजली जातात आणि शून्याला कोणत्याही वजनाने गुणले तरी शून्यच. आयएसबीएनच्या आधीच्या नऊ अंकी एसबीएनपुढे ० लावून आयएसबीएन करताना तपासणी अंक बदलावा लागला नाही तो यामुळेच. त्यामुळे पुढचे शून्य गळालेला क्रमांकही ही परीक्षा बिनबोभाट पास होतो. त्याला पकडते ती फक्त लांबीची अट.