संतोष ट्रॉफी आणि आयएसएल: फुटबॉलचा ‘राष्ट्रीय विजेता’ नक्की कोण?

‘फुटबॉलमध्ये महाराष्ट्र चॅम्पियन झाला’ असं कुणी सांगितलं, की आधी विचारावं: राज्याचा संघ की मुंबईचा क्लब? सांगली-साताऱ्यात कुस्ती आणि क्रिकेटचा हिशेब लोकांना तोंडपाठ असतो, फुटबॉलचं वेड मात्र शेजारच्या कोल्हापूरचं. त्यामुळे संतोष ट्रॉफी आणि इंडियन सुपर लीग (आयएसएल) या दोन्ही स्पर्धा इथे सर्रास एकाच दावणीला बांधल्या जातात.

संतोष ट्रॉफी ही राज्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. ती १९४१ पासून चालत आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळला हरवून बंगालने ती ३३व्यांदा जिंकली. महाराष्ट्राच्या नावावर चार विजेतेपदं आहेत, त्यातलं पहिलं ‘बॉम्बे’ या नावाने आणि शेवटचं १९९९-२००० च्या मोसमातलं. इतका मोठा खंड पडल्याची खंत आपल्याकडे फारशी कुणी बोलूनही दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या स्पर्धेत राज्यांबरोबर दोन वेगळे संघही उतरतात आणि ते आपल्या अगदी जवळचे आहेत. एक रेल्वेचा, दुसरा सेनादलांचा. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, आणि सातारा जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरीसारखी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी गावं. रेल्वेत किंवा लष्करात नोकरीला लागलेला खेळाडू त्या खात्याच्या संघातूनही संतोष ट्रॉफी खेळू शकतो. सेनादलाचा संघ तिथे नुसता हजेरी लावायला येत नाही, २०२३-२४ ची ट्रॉफी गोव्याला हरवून त्यांनीच नेली होती.

आयएसएल ही क्लबांची लीग. ती २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०२२-२३ पासून आय-लीग, म्हणजे आधीची अव्वल क्लब लीग, तिच्या खालच्या पायरीवर गेली. क्लब खेळाडूंना करार करून घेतो, मग ते कुठल्याही राज्याचे किंवा देशाचे असोत. मार्च २०२१ चा गोव्यातला अंतिम सामना आठवा. मुंबई सिटी या क्लबची कोलकात्याच्या एटीके मोहन बागानशी १-१ अशी बरोबरी होती, नव्वदावं मिनिट चालू होतं आणि बिपिन सिंगने गोल मारून मुंबई सिटीला जिंकून दिलं. बिपिन मणिपूरचा. मुंबईत जल्लोष झाला तो रास्तच होता, पण ते यश क्लबचं. महाराष्ट्राच्या संतोष ट्रॉफीच्या खात्यात त्यामुळे एकाचीही भर पडली नाही.

आयएसएलमध्ये आणखी एक गुंता होता. २०१९-२० ते २०२४-२५ या मोसमांत साखळीत अव्वल राहणाऱ्याला शील्ड मिळायची आणि बाद फेऱ्यांमधून शेवटपर्यंत टिकणाऱ्याला कप. २०२३-२४ मध्ये शील्ड मोहन बागानने घेतली आणि कप मुंबई सिटीने. दोन्ही बाजू ‘आम्हीच चॅम्पियन’ म्हणत होत्या आणि दोघांचंही खरं होतं.

खेळाचा दर्जा आणि पैसा आयएसएलमध्ये जास्त, यात वाद नाही. मोठ्या क्लबांचे प्रमुख खेळाडू आता संतोष ट्रॉफीत सहसा दिसत नाहीत. तरीही सांगलीतल्या किंवा कराडमधल्या पोराला जवळची वाट संतोष ट्रॉफीचीच, असं माझं ठाम मत आहे. जिल्ह्याकडून चांगला खेळला तर तो राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोचू शकतो. क्लबच्या अकादमीसाठी मात्र बहुतेकदा लहान वयातच घर सोडावं लागतं.

पुरस्कारांचीही अशीच गल्लत होते. आयएसएलचा गोल्डन बूट त्या लीगपुरता, सर्वाधिक गोल करणाऱ्याला. फुटबॉल महासंघ वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडतो, तो त्या खेळापुरता. अर्जुन आणि खेलरत्न हे केंद्र सरकारचे पुरस्कार, सगळ्या खेळांसाठी, आणि तिथे वजन पडतं ते आंतरराष्ट्रीय कामगिरीचं. सुनील छेत्रीला अर्जुन २०११ मध्ये मिळाला. २०२१ मध्ये तो खेलरत्न मिळवणारा पहिला फुटबॉलपटू ठरला. साताऱ्याच्या अदिती स्वामीला अर्जुन मिळाला तो २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जगज्जेतेपद पटकावल्यावर. संतोष ट्रॉफी किंवा आयएसएलचा कप जिंकला म्हणून अर्जुन आपोआप मिळत नाही.