रब्बी ज्वारी : अवर्षण-सहनशीलता

तृणधान्याचे पीक पाण्याच्या ताणाला कसे तोंड देते, हे सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारीत स्पष्ट दिसते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली ही ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. त्यामुळे ताण बहुधा ठरलेलाच असतो, तो पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) येतो, फुलोऱ्यात येतो की दाणे भरताना, हे मुख्यतः जमिनीच्या खोलीवर अवलंबून असते.

ओल घटू लागली की पिकात ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचा इशारा देणारे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे मिटू लागतात. भर दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळतात, ऊन उतरल्यावर उलगडतात. पर्णकोशावरून बोट फिरवले तर पिठासारखी पांढरी पूड हाताला लागते. हे मेण बाष्पीभवनाला आळा घालते. रंध्रे अर्धवट मिटली तरी सी-४ प्रकारच्या, म्हणजे पानात कर्बवायू एकवटून वापरणाऱ्या प्रकाशसंश्लेषणामुळे ज्वारी थोड्या पाण्यात कर्ब मिळवत राहते, आणि भारी जमिनीत तिची मुळे दीड मीटरच्याही खाली ओल शोधत जातात.

खरा कस दाणे भरताना लागतो. पाने करपली की पीक ताटात (खोडात) साठवलेली साखर कणसाकडे वळवते, ताट आतून अशक्त होते, जमिनीतील बुरशी त्यात शिरते आणि उभे पीक लोळते; हाच खडखड्या रोग. म्हणून फुलोऱ्यानंतरही पाने हिरवी ठेवण्याचा गुण पैदासकारांना मोलाचा वाटतो. इथिओपियातील ज्वारीपासून आलेल्या बी-३५ या वाणात त्याच्याशी निगडित चार जनुकीय भाग ओळखले गेले आहेत.

मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ स्वातंत्र्यपूर्व काळापासून टिकून आहे. तग धरणे आणि भरघोस उतारा देणे यांची गल्लत करू नये. मालदांडी टिकली ती भाकरीची चव आणि कडबा या दोन्हींमुळेही. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, तर भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण दिले.

वाण कोणताही असो, भेगाळलेल्या रानातून ओल उडतच राहते. त्यासाठी तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवणे, करतात. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे माती सैल होऊन भेगा बुजतात.