इमारतीच्या पाइपांत थांबलेलं पाणी

जुलै १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पॉन्टिअ‍ॅक गावातल्या एका सरकारी कचेरीतले १०० पैकी ९५ कर्मचारी आजारी पडले. सणसणून ताप, डोकेदुखी, अंगदुखी. ती कचेरी होती खुद्द आरोग्य खात्याची. वातानुकूलन चालू असताना आत गेलेले तपास अधिकारीही एक-दोन दिवसांत अंथरुणाला खिळले. शेवटी दोष सापडला तो त्याच यंत्रणेत. तिच्यातल्या पाण्याचे तुषार हवेच्या मार्गात शिरत होते आणि खोल्याखोल्यांत पसरत होते. कुणी दगावलं नाही, पण त्या पाण्यात नेमकं काय होतं हेही कळलं नाही. नमुने गोठवून ठेवले गेले.

आठ वर्षांनी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. त्यानंतर एकामागून एक माणसं न्यूमोनियाने आजारी पडू लागली. २२१ जणांना लागण झाली, ३४ जण गेले. जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. त्याला नाव मिळालं लिजिओनेला. पॉन्टिअ‍ॅकचे गोठवलेले नमुने पुन्हा तपासले, तर तिथेही हाच निघाला.

कामाच्या ठिकाणच्या पाण्याचा विषय निघाला की आपलं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे जातं. फिल्टर बदलला का, टाकी धुतली का? हे प्रश्न योग्यच आहेत. पण लिजिओनेला सहसा पोटातून नव्हे, श्वासातून शरीरात शिरतो. शॉवर, कूलिंग टॉवर (वातानुकूलनाचं किंवा यंत्रांचं गरम पाणी थंड करणारा मनोरा), कारंजं, यंत्रं धुण्याचा फवारा, जिथे जिथे पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात तिथे तो फुप्फुसांपर्यंत पोचू शकतो. ज्या नळाचं पाणी कुणी पीत नाही, त्याची तपासणीच होत नाही, आणि धोका बऱ्याचदा तिथेच असतो.

नदी, तळी, ओली माती, सगळीकडे हा जिवाणू थोड्या प्रमाणात असतोच. त्याला वाढवतात त्या इमारती. २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी त्याला मानवतं. २० अंशांखाली तो मरत नाही, नुसता सुस्त पडून राहतो. ६० अंशांना मात्र तो झपाट्याने मरतो. दुसरी गरज म्हणजे स्थिर पाणी. पाणी पाइपात पडून राहिलं की त्यातला क्लोरीन हळूहळू संपतो, आणि पाइपाच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. या थरात अमीबा चरतात. इतर जिवाणू अमीबाच्या पोटात जिरून जातात, लिजिओनेला मात्र तिथेच वाढतो आणि अमीबा फोडून बाहेर पडतो. आपल्या फुप्फुसांतल्या जंतुभक्षक पेशींमध्येही तो हेच करतो. थराच्या आडोशाला आणि अमीबाच्या आत असलेल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन पुरेसा पोचत नाही. म्हणून एकदा भरपूर औषध टाकलं आणि काम झालं, असं इथे होत नाही.

पाण्याच्या सुरक्षेचे नियम कागदावर रुक्ष वाटतात, पण ते या जीवशास्त्रातूनच आले आहेत. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गरम पाणी ६० अंशांना साठवायचं, नळाशी ते एका मिनिटात किमान ५० अंशांना यायला हवं आणि थंड पाणी २० अंशांखाली राहायला हवं. क्वचित वापरात येणारे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा तरी वाहते करायचे. उष्ण हवामानात थंड पाणी २० अंशांखाली ठेवणं अवघड असतं. तिथे पाणी वाहतं ठेवण्यावर आणि क्लोरीन टिकवण्यावर जास्त भर द्यावा लागतो.

खरी कसरत पुढेच आहे. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. त्यामुळे गरम आणि थंड पाणी एकत्र करणारी झडप लावतात, पण झडपेपासून नळापर्यंतच्या तुकड्यात कोमट पाणी साचून राहतं. म्हणून ती शक्यतो नळाजवळच हवी. वीज वाचवायला बॉयलरचं तापमान उतरवलं, तर जिवाणूला हवं तेच मिळतं. पाणी वाचवणारे नळ बसवले आणि जुने रुंद पाइप तसेच ठेवले, तर प्रवाह मंदावतो. यातला कुठलाही निर्णय चुकीच्या हेतूने घेतलेला नसतो. पण तो घेताना पाण्याचा विचार करणारं कुणीतरी त्या बैठकीत असायला हवं, आणि बहुतेकदा ते नसतं.

नेमकी हीच उणीव जिवावर बेतू शकते. २००२ साली इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस गावात नगरपालिकेच्या कलाकेंद्राच्या वातानुकूलन यंत्रणेतून दूषित तुषार शेजारच्या गल्लीत पसरत राहिले. सात जण गेले. त्या यंत्रणेच्या पाण्यावरची प्रक्रिया आणि तिचा करार यांकडे नीट लक्ष दिलं गेलं नव्हतं. न्यायालयाने नगरपालिकेला सव्वा लाख पौंड दंड केला. मेलेल्यांपैकी कुणी त्या इमारतीत कामाला असायलाही हवं होतं असं नाही, गल्लीतून जाणंही पुरेसं होतं.

म्हणून इमारतीच्या पाण्याची जबाबदारी घेणाऱ्या एका माणसाचं नाव ठरलेलं असावं आणि पाइपांचा खरा नकाशा त्याच्या हाती असावा. दुरुस्तीत तोडून बूच मारलेला, पुढे कुठेच न जाणारा पाइपाचा तुकडा नकाशात नसेल, तर तो कुणी कधीच काढून टाकणार नाही. प्रयोगशाळेच्या अहवालावर मी फार विसंबणार नाही. जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीला दहा दिवसांपर्यंत लागतात, आणि एका नळाचा नमुना स्वच्छ आला म्हणून पलीकडचा नळ स्वच्छ ठरत नाही. दर महिन्याला नळाखाली धरलेला साधा थर्मामीटर जास्त लवकर बोलतो. मात्र तो खरोखर धरलेला असावा. नोंदवहीत महिनोन्‌महिने एकच आकडा, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेला दिसला, तर तपासणाऱ्याने नोंदवही मिटून नळाकडे जावं.

आठवडाभर बंद राहिलेली कचेरी किंवा कारखाना उघडताना नळ सोडले जातातच असं नाही. सोडताना पाणी उडणार नाही, अशी काळजी घ्यावी. शॉवरचं तोंड पिशवीत धरून किंवा काढून ठेवून पाणी वाहू द्यावं.

कामगारांनाही हे सांगायला हवं. संसर्गानंतर लक्षणं साधारण २ ते १० दिवसांत, कधी त्याहून उशिराही दिसतात. ती साध्या न्यूमोनियासारखीच असतात आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यावर चालत नाहीत, कारण जिवाणू पेशींच्या आत दडलेला असतो. त्यासाठी वेगळी प्रतिजैविकं आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. कूलिंग टॉवरजवळ, फवाऱ्याच्या यंत्रावर किंवा कामाच्या ठिकाणच्या शॉवरशी आपला संबंध येतो, हे रुग्णाने सांगितलं, तरच डॉक्टर लिजिओनेलाची चाचणी करून पाहतील.