मायताप: चांदण्याची मस्करी कशी झाली

परवा एका बल्गेरियन क्लिपमधे एका पोराने मित्राला घाबरवलं आणि मग हसत म्हणाला "मायताप, बे!" म्हणजे मस्करी केली रे. विदर्भातलं "काय बे" आठवून मी उडालोच. पण नुसता आवाज जुळला म्हणून शब्दांचं नातं लावायचं नसतं, व्हॉट्सअपवर असले फॉरवर्ड रोज फिरतात, मधले दुवे कोणीच दाखवत नाही. त्यामुळे 'बे' राहू दे बाजूला, कारण 'मायताप'चे दुवे मात्र खरंच सापडतात.

मूळ शब्द फारसी, माहताब. माह म्हणजे चंद्र, ताब म्हणजे तेज, मिळून चांदणं. तुर्कीत जाऊन त्याची दोन रूपं झाली: मेहताप म्हणजे चांदणंच, आणि मायताप म्हणजे शोभेची दारू, जी फुटत नाही, नुसता लखलखीत रंगीत उजेड देत जळते. आपल्याकडची चंद्रज्योत म्हणा ना, तिला मराठीत महताबही म्हणायचे. दारूकाम म्हणजे मौजमजा, त्यामुळे तुर्कीत एखाद्याला 'मायताबा आल्माक', शब्दशः मायताबात घेणं, म्हणजे त्याची टर उडवणं. बल्गेरियनने त्यातली फक्त मजा उचलली, चंद्रही गेला आणि दारूही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, तो म्हणजे शेवटचा प. गळ्यावर बोट ठेवा आणि ब म्हणा, मग प म्हणा. ब ला गळा थरथरतो, प ला नाही. तुर्कीत शब्दाच्या शेवटी ही थरथर बंद होते, म्हणून किताबचं किताप, शराबचं शाराप, हिसाबचं हेसाप. पण पुढे स्वर आला की ब परत येतो, म्हणून तर वर 'मायताबा' आलं. बल्गेरियनमधेही शेवटचा ब बोलताना प होतो, पावाला लिहितात ख्ल्याब आणि म्हणतात ख्ल्याप, मग अनेकवचनात ब परत, ख्ल्याबोवे. पण मायतापचं अनेकवचन मायतापी! पुढे स्वर असूनही प जागचा हलत नाही. म्हणजे बल्गेरियन लोकांनी हा शब्द तुर्की तोंडून, शेवट कडक झालेल्या रूपातच ऐकला आणि तसाच ठेवला. बोटाचा ठसाच म्हणायचा हा.

माह आणि मास, ताब आणि ताप ही जोडी बघून "म्हणजे फारसी संस्कृतमधूनच निघाली" असं कोणी म्हणेल, तर तेही चूक. दोघी बहिणी आहेत, त्यांची आई त्याहून जुनी, एक दुसरीची लेक नाही.

तुर्की शब्द तिथे पोचले कसे? १३९३ मधे बल्गेरियाची तेव्हाची राजधानी तर्नोवो ऑटोमन तुर्कांच्या हाती पडली, १३९६ मधे विदिन हे दुसरं बल्गेरियन शहर, आणि ही ऑटोमन सत्ता गेली १८७८ मधे. जवळजवळ पाच शतकं! नंतर शाळेतल्या आणि पुस्तकातल्या भाषेतून तुर्की शब्द काढायचा खूप प्रयत्न झाला, आपल्याकडे भाषाशुद्धी झाली तसंच, त्यामुळे छापील मस्करीला 'शेगा' आणि मित्रांच्या अड्ड्यावर मायताप, असे हे शब्द बोलीत जाऊन बसले. मस्कऱ्या माणसाला तिथे मायतापचिया म्हणतात. ती 'चिया' म्हणजे व्यवसाय किंवा सवय दाखवणारा तुर्की प्रत्यय, आणि तोच प्रत्यय लावून बल्गेरियनमधे तोफ डागणारा होतो 'तोपचिया'. आपला तोपची!