फॉकलंडमध्ये ‘समोरून’ मारा? फारसा नाहीच

१९८२च्या फॉकलंड युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ब्रिटिश सी हॅरियर लढाऊ विमानांकडचं साइडवाइंडर ‘एआयएम-९एल’ क्षेपणास्त्र समोरून डागता येत होतं, म्हणून अर्जेंटिनाची विमानं पडली. क्षमता खरी, निष्कर्ष चुकीचा. यशस्वी मारा जवळजवळ सगळा मागूनच झाला. बॉम्ब घेऊन आलेली स्कायहॉक आणि डॅगर विमानं इंधनाच्या टोकावर उडत होती, वळून लढायला त्यांच्याकडे सवड नव्हती.

मग नव्या क्षेपणास्त्राचा उपयोग काय? थंड केलेला, जास्त संवेदनशील शोधक (क्षेपणास्त्राच्या टोकावरचा उष्णता टिपणारा भाग) विमानाची उष्णता पटकन पकडायचा आणि सहजी सोडायचा नाही. माझ्या मते खरा फायदा तोच.

मागून मारताना अडचण वेगळी. रॉकेट मोटर काही सेकंदांतच विझते, पुढचा प्रवास उरलेल्या वेगावर. लक्ष्य पळत असेल तर कागदावरचा पल्ला निम्म्याहूनही खाली येतो. इंधन वाढवावं तर वजन वाढतं, वळणं जड होतात. शिवाय साइडवाइंडरची जाडी पहिल्यापासून १२७ मिमीच, त्यामुळे आत जागा तरी किती असणार!