89,680 वेळा फुगलेलं विमान

विमानात बसलं की मी आधी ते किती जुनं आहे ते मोबाईलवर शोधतो, 4 वर्षांचं निघालं की बरं वाटतं आणि 18 वर्षांचं निघालं की उगाच पोटात गोळा. पण खरं सांगायचं तर वर्षांवरून फारसं काही कळत नाही, आणि हे मला पटलं ते अलोहा एअरलाइन्सच्या एका बोइंग 737 ची कुंडली वाचल्यावर.

हे विमान 1969 मध्ये हवाईत आलं, तिथल्या शेवटच्या राणीचं, लिलिउओकलानीचं नाव त्याला दिलेलं. काम एकच, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, दिवसभर. एप्रिल 1988 पर्यंत त्याचे उड्डाणाचे तास झाले 35,496 आणि उड्डाणं झाली 89,680. भागाकार करून बघा, एक फेरी सरासरी 24 मिनिटांची! दिवसाला साधारण 13 फेऱ्या, 19 वर्षं. बोइंगने हे मॉडेल डिझाइन करताना 51,000 तास आणि 75,000 उड्डाणं धरली होती, म्हणजे तासांच्या हिशोबात गडी अजून तरणा, उड्डाणांच्या हिशोबात कधीच रिटायर व्हायला हवा होता.

आता उड्डाणं का मोजायची? वर हवा विरळ असते म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात, मग विमानाचं अंग फुग्यासारखं किंचित फुगतं, खाली आलं की परत बसतं. जेट विमान खूप उंचीवर असताना आतून बाहेर पडणारा जोर दर चौरस मीटरला 5 टनांच्या आसपास जातो, आणि या 737 चा पत्रा होता जेमतेम 0.9 मिलीमीटर. तार एकदा वाकवली तर काही होत नाही, तीच तिथेच पन्नासदा वाकवली की तुटते, तसंच हे. हवाईतल्या काही फेऱ्या इतक्या छोट्या की पूर्ण दाब चढायच्या आधीच उतरायची वेळ यायची, तेवढी सूट द्यायला हवी. पण त्याच्या उलट बाजूला समुद्राची खारी दमट हवा होतीच.

आणि खरी मेख होती सांध्यात. सुरुवातीच्या 737 मध्ये पत्र्यावर पत्रा चढवून मधे इपॉक्सी नावाचा गोंद लावलेलं कापड घालायचे आणि वरून रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, तीन ओळी. भार मुख्यतः त्या चिकटपट्टीने घ्यायचा अशी कल्पना. पण ते कापड थंड ठेवावं लागायचं, लावताना त्यावर दव धरलं की नीट चिकटायचं नाही, मग फटीत पाणी, मग गंज, आणि सगळा भार रिव्हेटवर. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोक वरून तिरकं कोरतात, पत्राच इतका पातळ की भोकाची खालची कड सुरीसारखी धारदार राहते, तडा सुरू व्हायला अगदी आयती जागा. एका भोकापाशी तडा गेला तर तो पुढे पसरू नये याची सोय डिझाइनमध्ये होती, पण इथे शेजारशेजारच्या कितीतरी भोकांना बारीक तडे गेलेले, त्यामुळे शिवण उसवावी तसं झालं.

28 एप्रिल 1988. त्या दिवशी जाऊन-येऊन अशा तीन फेऱ्या बिनबोभाट झालेल्या. दुपारी हिलोहून होनोलुलूला निघालेलं विमान 24,000 फुटांवर पोहोचलं आणि धडाम! कॅप्टनने मागे वळून पाहिलं तर कॉकपिटचं दार गायब, आणि जिथे फर्स्ट क्लासचं छत असायला हवं तिथे निळं आकाश. जवळपास 18 फूट लांबीचं छत उडून गेलं होतं. पाचव्या रांगेपाशी उभी असलेली एक फ्लाइट अटेंडंट बाहेर ओढली गेली, ती कधीच सापडली नाही. बाकी 94 जण वाचले, प्रवाशांनी पट्टे बांधलेले होते हे नशीब. साधारण 13 मिनिटांत वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं, तेही शेवटी डावं इंजिन बंद पडलेलं असताना, मला तर वाचतानाच घाम फुटला.

चौकशीत दोष मुख्यतः देखभालीवर आला. तपासणी बहुतेक रात्री चालायची, एकेक रिव्हेट डोळ्यांनी बघत जायचं, शेकडो रिव्हेट, कुणाचंही लक्ष ढळेल. गंमत म्हणावी की काय, पण चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ तडा दिसला होता. ती कुणालाच काही बोलली नाही.

पुढे 2010 मध्ये अमेरिकेने नियम केला की विमान किती उड्डाणं किंवा किती तास चालेल याची हद्द ते बनवणाऱ्या कंपनीने आधीच ठरवून द्यायची. राणीचं विमान मात्र परत उडालं नाही, माउईलाच तोडून भंगारात काढलं.