पोटनिवडणूक की मध्यावधी? आधी मुदत कोणाची ते विचारा

२०२२ चा एप्रिल. कोल्हापूर उत्तर या विधानसभा मतदारसंघातला प्रचार टिपेला पोचलेला. गंगावेशीत संध्याकाळी धारोष्ण दुधाचे ग्लास हातात घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यात एक जण छातीठोकपणे सांगत होता, "ह्या मध्यावधीत सगळं फिरतंय बघा." शेजारच्यानं टोकलं, "मध्यावधी न्हवं भावा, पोटनिवडणूक." पहिला बधला नाही. "तेच की! मधीच लागलीया न्हवं?"

मधेच लागली होती हे खरंच. पण मधेच नेमकं काय संपलं, इथं दोघींची वाट वेगळी होते. पोटनिवडणुकीत सभागृह जागच्या जागी असतं, त्यातली एक खुर्ची रिकामी होते. मध्यावधीत सभागृहच मुदतीआधी बरखास्त झालेलं असतं, सगळ्याच खुर्च्या जातात.

मराठीनं यातल्या पहिलीला फार नेमकं नाव दिलंय. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू यांतलं जे 'पोट', तेच हे. मोठ्या गोष्टीच्या आत राहणारी छोटी गोष्ट. पोटभाडेकरू उशिरा आला म्हणून मूळ करार काही लांबत नाही. पोटनिवडणुकीतून आलेल्या आमदाराचं तसंच असतं. त्याला पाच वर्षं मिळत नाहीत, सभागृहाची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच मिळते. मध्यावधीतून आलेल्या सभागृहाचा मात्र करारच नवा. पहिल्या बैठकीपासून पुढची पाच वर्षं त्याची.

उत्तरचंच बघा. २०१९ ला काँग्रेसकडून निवडून आलेले चंद्रकांत जाधव २ डिसेंबर २०२१ ला गेले. १२ एप्रिल २०२२ ला मतदान झालं, १६ ला मोजणी. त्यांच्या पत्नी जयश्री जाधव यांनी भाजपच्या सत्यजित कदम यांना १८ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. दिवंगत आमदाराच्या घरातलं कुणी उभं राहिलं की इतरांनी माघार घ्यायची, असा एक संकेत महाराष्ट्रात सांगितला जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंधेरी पूर्वला भाजपनं उमेदवार मागे घेतला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची मतं 'नोटा'ला, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या पर्यायाला पडली. कोल्हापुरात असलं काही झालं नाही. इथं कुस्ती लागली की निकाली व्हायला लागते. असो. एवढी ईर्ष्या करून मिळालेली आमदारकी अडीच वर्षांची होती, कारण त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपणार होती.

गंमत पुढेच. निकालाला अडीच महिने होतात न होतात तोच उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. तेव्हा पुन्हा कट्ट्याकट्ट्यावर "आता मध्यावधी लागणार" सुरू झालं. लागली नाही. सरकार पडणं वेगळं, विधानसभा बरखास्त होणं वेगळं. त्याच सभागृहात दुसऱ्या कुणाचं बहुमत जमत असेल तर मतदाराला बोलावण्याचं कारणच पडत नाही. मला विचाराल तर पोटनिवडणूक आणि मध्यावधी यांच्यातल्या घोळापेक्षा हा घोळ जास्त पसरलेला आहे.

खरी मध्यावधी महाराष्ट्रानं १९८० ला बघितली. १९७८ ला निवडून आलेली विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, शरद पवारांचं सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली आणि मे महिन्यात राज्यभर मतदान झालं. लोकसभेच्या बाबतीत कोल्हापूरकरांना याचा चांगलाच सराव आहे. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन वेळा चार वर्षांच्या आत मतदान करून झालं. सदाशिवराव मंडलिक १९९८ ला काँग्रेसचे म्हणून निवडून आले आणि १९९९ ला राष्ट्रवादीचे म्हणून. दोन्ही वेळा कागदावर मुदत पाच वर्षांची. पहिली दीड वर्षसुद्धा टिकली नाही.

आता पोटनिवडणुकीची खरी खोच. जागा रिकामी झाली की ती लागतेच असं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १५१-अ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक घ्या. पण त्याला दोन पळवाटा आहेत. पळवाटा म्हणणं कायदेपंडितांना आवडणार नाही, अपवाद म्हणू. सदस्याची उरलेली मुदत एका वर्षापेक्षा कमी असेल तर बंधन नाही. शिवाय, सहा महिन्यांत निवडणूक घेणं कठीण आहे असं निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं, तरीही नाही.

म्हणून एकाच जिल्ह्यात, एकाच विधानसभेच्या काळात दोन निराळे प्रकार घडले. करवीरचे आमदार पी. एन. पाटील २३ मे २०२४ ला गेले. मुदत उरली होती सहा महिने. उत्तरला निवडणूक झाली, करवीरला झाली नाही. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत तिथली खुर्ची रिकामीच राहिली. तेव्हा "आमच्यावरच अन्याय का" असं म्हणणारे भेटायचे. अन्याय नव्हता, कॅलेंडर होतं.

अकोला पश्चिमला तर जाहीर झालेली पोटनिवडणूक मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं रद्द केली. कारण तेच, वर्षापेक्षा कमी मुदत. पुण्यात उलटं झालं. खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले, लोकसभेची वर्षाहून जास्त मुदत शिल्लक होती, तरी निवडणूक लागेना. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ती ताबडतोब घ्यायला सांगितली, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुणेकर खासदाराविनाच सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पोचले.

आचारसंहितेतही फरक पडतो. मध्यावधीत ती राज्यभर. पोटनिवडणुकीत साधारणपणे जिल्हाभर, पण मतदारसंघ महापालिका क्षेत्रातला असेल तर तेवढ्या मतदारसंघापुरतीच. आणि फेरमतदान हा या दोन्हींहून वेगळा मामला आहे. ठरावीक केंद्रावर यंत्र बिघडलं किंवा गडबड झाली की तेवढ्याच केंद्रावर पुन्हा मत घ्यायचं. त्यात ना कुठली जागा रिकामी होते ना सभागृह जातं.

एवढं सगळं ज्या मुदतीच्या खुंटीवर टांगलंय, ती खुंटीच हलवायचा प्रस्ताव सध्या संसदेपुढे आहे. 'एक देश, एक निवडणूक'साठीचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं गेलं आणि पुढे संयुक्त समितीकडे गेलं. त्यात म्हटलंय की सभागृह मुदतीआधी बरखास्त झालं तर त्यानंतरची मध्यावधी निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीसाठी होईल. म्हणजे चौथ्या वर्षाच्या अखेरीस विधानसभा गेली, तर २८८ मतदारसंघांत प्रचार, सभा, खर्च, सगळं करून जे सरकार येईल त्याच्या हातात वर्षभराचाच कारभार. आतापर्यंत आमदार पोटभाडेकरू व्हायचा. तेव्हा अख्खा वाडाच पोटभाड्यानं जाईल.